सोलापूरहून टोबॅगोला: विमानानं जावं की बोटीनं?

टोबॅगो हे कॅरिबियन समुद्रातलं, त्रिनिदादच्या शेजारचं बेट. टोबॅगोला जायचं म्हणजे आधी त्रिनिदाद गाठायचं, आणि तिथं भारतातून थेट विमान नाही. आमची लेक तिकडं नोकरीला आहे, म्हणून ओळखीतले लोक विचारत असतात, की त्रिनिदादहून पुढं टोबॅगोला विमानानं जावं की बोटीनं. मी सगळ्यांना आधी हेच सांगतो: समुद्राची काळजी नंतर करा, विमान बदलायचं त्या विमानतळाची आधी करा.

भारतीय पासपोर्टवर त्रिनिदादला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण अमेरिकेत विमान बदलणार असाल, तर नुसतं बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. लंडनलाही बहुतेकांना ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाआधी वकिलातीच्या साइटवर बघाच. मुंबई ते पोर्ट ऑफ स्पेन (त्रिनिदादची राजधानी) एकाच बुकिंगमध्ये घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण मध्येच बॅगा घेऊन बाहेर पडावं लागलं तर तिथला व्हिसा हवा.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लशीची. हा ताप असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे, त्यामुळं परतताना लशीचं कार्ड नसेल तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठी ओलांडलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं. कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

मुंबईपर्यंत रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस उत्तम. विमान दुपारचं असलं तरी आदल्या रात्रीच्या गाडीवर विसंबू नका, एक दिवस हाताशी ठेवा.

आता विमान की बोट. टोबॅगोचं विमान पियार्कोहूनच, म्हणजे तुम्ही उतरता त्याच विमानतळावरून सुटतं आणि अर्ध्या तासाच्या आत टोबॅगोच्या क्राउन पॉइंट विमानतळावर पोचवतं. बोट सुटते पोर्ट ऑफ स्पेनच्या धक्क्यावरून. तो पियार्कोपासून पंचवीसेक किलोमीटर, आणि सकाळी रस्त्यावर गाड्यांची रांग. म्हणून बोटीनं जायचं तर आदली रात्र शहरात काढा. आपल्या माणसाला ती वाया जात नाही: क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदान तिथंच आहे. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगरांनी १९६२ साली त्या मैदानावर नाबाद १७२ केल्या आणि १९७१ साली गावसकरांनी पहिली कसोटी तिथंच खेळली. मला तर त्या मैदानाबाहेर उभं राहूनच भरून आलं होतं.

बोट तीन ते चार तास घेते. सुरुवातीचा पारियाचा आखात शांत असतो, पण बोकासच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडलं की उघडा समुद्र आणि समोरून वारा. आमच्या हिला बोट लागते, म्हणून आम्ही जाताना विमान घेतो आणि येताना बोट. परतीला वारा पाठीशी असतो, हेलकावे कमी बसतात. बोटीत मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसा. उलटीची गोळी सुटण्याआधी अर्धा तास घ्या, हेलकावे सुरू झाल्यावर नव्हे. पोटात थोडी कडक भाकरी असावी, तिखट चटणी नको. फोटो ओळखपत्र जवळ असू द्या.

न्यायला येणाऱ्याला नीट सांगा: बोट टोबॅगोच्या स्कारबरो बंदराला लागते, विमान क्राउन पॉइंटला, आणि दोन्हींत दहा-बारा किलोमीटरचं अंतर आहे. कार्निव्हल आणि ईस्टरच्या आसपास त्रिनिदादची माणसंच टोबॅगोला लोटतात. तेव्हा जायचं असेल तर हे शेवटच्या टप्प्याचं तिकीट मुंबईच्या तिकिटाबरोबरच काढा.