मसालेदार चॉकलेट मिल्कशेक: मसाला गरम दुधात, शेक मात्र गारेगार

अमेरिकेत १२ सप्टेंबर हा चॉकलेट मिल्कशेकचा दिवस म्हणून साजरा होतो. शेक करायचा आणि प्यायचा, एवढाच त्याचा विधी. त्या दिवशी नेहमीचाच शेक करण्यापेक्षा मसाल्याचा करून बघा. चॉकलेट आणि मिरची ही जोडी नवी वाटते, पण ती चॉकलेटमध्ये दूध-साखर पडायच्या कितीतरी आधीची आहे. मेसोअमेरिकेतले (आजच्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या भागातले) माया आणि अ‍ॅझटेक लोक कोको वाटून पाण्यात कालवत, त्यात मिरची घालत आणि फेस यावा म्हणून उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत.

घरी हा शेक फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: मसाल्याची पूड थेट थंड शेकमध्ये टाकली जाते. दालचिनीची पूड विरघळत नाही. ती वर तरंगते, घशाला खरखरते आणि वास मात्र येत नाही. मसाल्यांचा सुगंध तेलात असतो. तो बाहेर यायला ऊब लागते आणि धरून ठेवायला स्निग्धांश लागतो. सायीच्या गरम दुधात या दोन्ही गोष्टी असतात. म्हणून मसाला आधी दुधात मुरवायचा, त्या दुधाचं चॉकलेट सिरप करायचं, ते पूर्ण गार करायचं आणि मगच शेक फिरवायचा. सिरप आदल्या रात्री करून ठेवलं तर उत्तम.

दोन मोठ्या ग्लासांसाठी:

सिरपसाठी
- सायीचं दूध १५० मिली
- दालचिनीचा ५ सेंमीचा तुकडा, मोडून
- हिरव्या वेलच्या २, सालासकट ठेचून
- काळी मिरी ४ दाणे, ठेचून
- लवंग १
- सुकी लाल मिरची अर्धी, बिया काढून
- बिनसाखरेची कोको पावडर २० ग्रॅम (सुमारे ३ टेबलस्पून)
- साखर २५ ग्रॅम (२ टेबलस्पून)
- डार्क चॉकलेट ४० ग्रॅम, ६० ते ७० टक्के कोकोचं, बारीक चिरून
- मीठ चिमूटभर

शेकसाठी
- व्हॅनिला आइस्क्रीम ३०० ग्रॅम
- फ्रीजमधलं गार दूध ६० ते ८० मिली

दालचिनी, वेलची, मिरी आणि लवंग दुधात घालून मंद आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे आले आणि वाफ दिसू लागली की गॅस बंद करा. खळखळून उकळायची गरज नाही, उकळीबरोबर सुगंधही उडून जातो. आता मिरची टाका, झाकण ठेवा आणि ५ मिनिटांनी फक्त मिरची काढून घ्या. बाकीचे मसाले आणखी १० मिनिटं राहू द्या. मिरची जास्त वेळ राहिली तर तिखटपणा हाताबाहेर जातो आणि तो परत काढता येत नाही. लवंगेचंही तसंच. दोन पडल्या तर शेकला चॉकलेटऐवजी लवंगेचीच चव येते, जीभही बधिरते.

दूध गाळून पुन्हा गरम करा. तोवर कोको, साखर आणि मीठ एका वाटीत कोरडंच एकत्र करून घ्या, म्हणजे साखरेच्या कणांमुळे कोकोच्या गुठळ्या सुटतात. त्यात ३ टेबलस्पून गरम दूध घालून गुळगुळीत पेस्ट करा, ती पातेल्यात ओता आणि मंद आचेवर सतत ढवळत २ मिनिटं शिजवा. कोकोत स्टार्च असतो. त्याचा कच्चट पिठूळपणा या दोन मिनिटांत जातो. गॅस बंद करून चिरलेलं चॉकलेट घाला, एक मिनिट तसंच ठेवा आणि मग हलक्या हाताने ढवळा. साधारण २०० मिली दाटसर, चकचकीत सिरप तयार होईल.

इथे चव बघाल तेव्हा ते जरा जास्तच गोड आणि मसालेदार लागलं पाहिजे. थंडीने जिभेला गोडवा आणि सुगंध दोन्ही कमी जाणवतात, आणि पुढे आइस्क्रीमही मिसळायचं आहे. गरम असताना बरोबर वाटलेलं सिरप शेकमध्ये फिकं पडतं.

खोलीच्या तापमानाला आलं की झाकून किमान २ तास फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी टाळू नका. कोमट सिरप आइस्क्रीमवर पडलं की ते तिथेच वितळतं आणि शेकऐवजी गोड दूध हातात येतं. फ्रीजमध्ये सिरप पुडिंगसारखं घट्ट होईल. चॉकलेटमधलं कोको बटर थिजल्याने तसं होतं, बिघडलं असं समजू नका. वापरण्याआधी शेकसाठी काढून ठेवलेलं गार दूध त्यात घालून फेटून घ्या. दुधाचं असल्यामुळे हे सिरप फ्रीजमध्येही ३ दिवसांत संपवा.

जाड काचेचे ग्लास २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. आइस्क्रीम ५ मिनिटं बाहेर काढून चमचा जेमतेम रुतेल इतकंच मऊ होऊ द्या. मिक्सरच्या भांड्यात आधी दूध-सिरप आणि वर आइस्क्रीम, हा क्रम पाळा. घट्ट आइस्क्रीम तळाशी असलं की पातं त्याच्या पोकळीत नुसतंच फिरत राहतं. थांबत थांबत ४-५ वेळा फिरवा, एकूण १५ ते २० सेकंद. त्याहून जास्त फिरवलं तर पात्याच्या घर्षणाने शेक गरम होऊन पातळ होतो. पातं अडकलंच तर मिक्सर बंद करून चमच्याने आइस्क्रीम खाली ढकला आणि एक टेबलस्पून दूध घाला.

बर्फ घालू नका. त्याने शेक थोडा वेळ दाट दिसतो, पण पाच मिनिटांत पाणी सुटतं आणि वर कण उरतात ते वेगळेच. आइस्क्रीम नको असेल तर २५० मिली सायीचं दूध बर्फाच्या ट्रेमध्ये रात्रभर गोठवा. ते तुकडे सिरप, ६० ते ८० मिली गार दूध आणि २ टेबलस्पून कंडेन्स्ड मिल्कबरोबर फिरवा. हा शेक थोडा हलका होतो, मसाला मात्र जास्त उठून दिसतो. आमच्या मते मसाल्याची खरी चव कळावी असं वाटत असेल तर हाच प्रकार सरस.

शेक दाणेदार झाला तर बहुधा वितळलेलं चॉकलेट थेट गार दुधात गेलेलं असतं. तिथे ते लगेच थिजून कण होतात. गाळून उपयोग नाही. सगळं पुन्हा कोमट करा, फेटा आणि परत गार करा. शेक कडवट लागला तर साखर वाढवण्याआधी आणखी चिमूटभर मीठ घालून बघा. कोको डच प्रोसेस्ड (अल्कलीने आंबटपणा कमी केलेला) असेल तर तो रंगाने गडद आणि चवीला सौम्य असतो, साध्या कोकोत आंबटसर धार असते. दोन्ही चालतात, फक्त साध्या कोकोला साखर अर्धा चमचा जास्त लागते.

मिरचीचा झणका लगेच कळत नाही. तिखटपणा देणारा कॅप्सेसिन दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटतो, त्यात थंडीने जीभ मंदावलेली असते, त्यामुळे तिखट दोन-तीन घोटांनंतर घशात जाणवतं. पहिल्या घोटाला फिकं वाटलं म्हणून वरून तिखट भुरभुरू नका.

आल्याचा स्वाद हवा असेल तर ताजं आलं टाळा. त्यातल्या विकराने दूध फाटू शकतं. पाव टीस्पून सुंठ पूड कोकोबरोबर कोरडीच मिसळा. जायफळ मात्र शेवटी, ग्लासवर दोनदा किसणीवरून फिरवावं तेवढंच.

बरीच मंडळी येणार असतील तर सिरप मिरचीशिवाय चौपट करून ठेवा. अर्धा कप गरम दुधात २ मिरच्या १० मिनिटं मुरवा, गाळा आणि ते तिखट दूध गार करून वेगळ्या वाटीत ठेवा. मग ज्याला जेवढं सोसेल तेवढं एकेक टीस्पून त्याच्या ग्लासात ढवळून द्यायचं. लहान मुलांचे ग्लास त्याच सिरपातून तिखटाशिवाय निघतात. एका वेळी दोनच ग्लासांचा शेक फिरवा आणि लगेच द्या. भांडं काठोकाठ भरलं की खालचा शेक पातळ होतो आणि वर आइस्क्रीमचे गोळे तसेच राहतात.