पऱ्हाटीचा कोळसा करताय? या चुका टाळा

200 लिटरच्या पिंपात पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) किंवा तुराटी (तुरीच्या काड्या) भाजली, की 100 किलो वाळक्या काड्यांमागे 20 ते 25 किलो कोळसा निघायला हवा. 15 किलोच्या खाली आला, तर नको तेव्हा हवा आत शिरली असं समजा.

सगळ्यात जास्त फसते ती पेटवणी. पिंपाच्या तळाला 8-10 भोकं पाडून ते तीन विटांवर ठेवा. काडी वितीएवढी तोडून भरा आणि आग वरून लावा. खालून पेटवलं तर तयार कोळसाच जळत राहतो. धुराडं बसवलेलं झाकण ठेवताना पिंपाच्या काठाशी दोन बोटं फट ठेवा. तिथल्या हवेवर धूर जळून जातो. पांढरा दाट धूर थांबतच नसेल, तर काडी ओली आहे. मोडताना कट्‌कन आवाज आला पाहिजे. पण वाळवायचं म्हणून ढीग महिनोन्‌महिने बांधावर ठेवू नका, त्यातल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते.

तळाच्या भोकांतून निखारा दिसला, की लगेच विटा काढून पिंप ओल्या मातीवर टेकवा, धुराडं काढून साधं झाकण लावा आणि कडा चिखलाने लिंपा. इथे दहा मिनिटांची हयगय झाली, तरी राख वाढते. झाकण दुसऱ्या दिवशीच उघडा. आतला कोळसा गरम असेल तर हवा लागताच पुन्हा पेटतो, म्हणून तो पोत्यात भरण्याआधी दिवसभर उघड्यावर, गोठ्यापासून लांब पसरून ठेवा.

पिंप कीटकनाशकाचं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं नको, तापल्यावर विषारी वाफा निघतात.

कोळशाची भुकटी खळीत मळून जळणासाठी कांड्या करतात. त्या तुटत असतील, तर दोष बहुधा खळीत असतो. 10 किलो भुकटीला 600-700 ग्रॅम मैदा लागतो, आणि तो पाण्यात शिजवून पारदर्शक व्हायला हवा. थंड पाण्यात कालवलेला मैदा कांडी धरत नाही. मैदा वाचवायला शेण घालतात, तेही नको. भाजताना राख उडून जात नाही, ती कोळशात साठत जाते. भाताच्या तुसाच्या कोळशात जवळपास निम्मी राख असते ती यामुळेच. शेणातही राख भरपूर, वर पाणी. त्याची जागा गोबरगॅसच्या टाकीत.

कांड्या आधी सावलीत, मग उन्हात वाळवा. थेट कडक उन्हात ठेवल्या तर भेगा पडतात. शेगडी मात्र बंद खोलीत पेटवू नका: धूर दिसत नसला, तरी कार्बन मोनॉक्साइड असतोच.