शेजारी वनस्पतींच्या नोंदी: मांडणी आणि पडताळणी

एखाद्या रोपाच्या बीजनिर्मितीवर शेजारच्या वनस्पतींचा किती परिणाम होतो, हे पाहण्यासाठी ते रोप केंद्र मानून ठरावीक त्रिज्येतील शेजारी प्रजातीनिहाय मोजले जातात. या नोंदी संगणकावर एकाच तक्त्यात कोंबल्या, की पुढचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

म्हणून दोन तक्ते ठेवावेत. पहिल्यात प्रत्येक केंद्रीय रोपाची एकच ओळ असावी आणि तीत रोपक्रमांक, भूखंड, तारीख, प्रजाती, त्रिज्या व बियांची संख्या यावी. दुसऱ्यात रोपक्रमांक, शेजारी प्रजाती आणि तिची संख्या एवढेच असावे. ज्या रोपाला एकही शेजारी नाही, त्याची दुसऱ्या तक्त्यात ओळच नसते. पहिला तक्ता नसेल तर असे रोप विश्लेषणातून नकळत गळते आणि स्पर्धेविना ती प्रजाती किती बिया धरते, हे सांगणारी मोलाची नोंद हातची जाते.

शून्य म्हणजे शोधले पण आढळले नाही, आणि रिकामा रकाना म्हणजे मोजलेच नाही. हा भेद काटेकोरपणे पाळावा. न मोजलेल्या जागी ‘-९९९’ लिहिण्याची जुनी सवय तर सोडूनच द्यावी, कारण तो आकडा कधीतरी सरासरीत शिरतोच. तारीख 2024-07-05 अशी वर्षापासून लिहावी, कारण 05/07 कोणी जुलै वाचतो, कोणी मे.

प्रजातींच्या नावांसाठी दोन रकाने लागतात: वहीत लिहिलेले नाव आणि आजचे मान्य नाव. बाभूळ जुन्या नोंदींत ‘अकेशिया निलोटिका’ असते, नव्यांत ‘व्हॅचेलिया निलोटिका’. ती एकच गणली गेली पाहिजे. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा माणसाला दिसत नाही, संगणक मात्र तिच्यामुळे वेगळीच प्रजाती मोजतो. ओळख न पटलेल्या रोपांना तात्पुरते संकेतनाव द्यावे, वगळू नये.

पडताळणी मूळ फाइलला हात न लावता, पुन्हा चालवता येईल अशा आज्ञावलीने करावी. पहिल्या तक्त्यात रोपक्रमांकाची पुनरावृत्ती नसावी, दुसऱ्यातला प्रत्येक क्रमांक पहिल्यात सापडावा, रोप आणि प्रजातीची तीच जोडी दोनदा येऊ नये, संख्या पूर्णांक असाव्यात. स्वजातीय शेजाऱ्यांत केंद्रीय रोप स्वतःच मोजले गेले नाही ना, हे नोंद घेणाऱ्यांनाच विचारावे लागते. ते कोणत्याही आज्ञावलीला कळत नाही. इतरत्र पाच-दहा असताना एखाद्या ठिकाणी 400 शेजारी दिसले, तर तो जादा शून्य असेल किंवा खरोखरच दाट उगवण असेल. मूळ वही पाहूनही उलगडा झाला नाही, तर आकडा तसाच ठेवून शेजारच्या रकान्यात शंकेची खूण करावी.