टिकच्या आधी पडणारं बोट: सोलापुरात लय आणि मेंदूचा प्रयोग कसा मांडावा

एकसारखी टिक-टिक ऐकवून तिच्याबरोबर बोट टेकवायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट टिकच्या किंचित आधी पडतं. संगीत न शिकलेल्यांत हे अंतर साधारण २० ते ८० मिलिसेकंदांचं असतं, मुरलेल्या वादकांत बरंच कमी. कान आवाज टिपेपर्यंत मेंदू थांबत नाही, पुढचा ठोका तो आधीच धरून ठेवतो. हे तपासायला एमआरआय यंत्र लागत नाही. एक लाकडी पाट, पिझो चकती (हादऱ्याचा विजेचा संकेत करणारी), साउंड कार्ड आणि लॅपटॉप एवढ्यावर भागतं. सोलापुरात तर तुलनेसाठी माणसंही हाताशी आहेत: तबल्याचे विद्यार्थी, हलगीवादक, लेझीम पथकातली मुलं आणि वर्षानुवर्षं मागाच्या खटखटीत उभे राहणारे कामगार.

असे प्रयोग फसतात ते बहुधा मोजणीतल्या विलंबामुळे. मोजायची गोष्ट ३०-४० मिलिसेकंदांची, आणि ब्लूटूथ हेडफोनचा उशीर शंभर-दोनशेचा. मोबाइलच्या टचस्क्रीनवर बोट मोजणारी अ‍ॅप्सही उशीर करतात, शिवाय तो उशीर दर वेळी सारखा नसतो, त्यामुळे वजाही करता येत नाही. म्हणून नियम एकच ठेवा: टिक आणि बोटाचा ठोका एकाच यंत्रावर, एकाच रेकॉर्डिंगच्या दोन वेगळ्या चॅनेलवर उतरला पाहिजे. मग वाजवणाऱ्या यंत्राला कितीही उशीर झाला तरी फरक पडत नाही.

जोडणी

२७ मिलिमीटरची पिझो चकती पाटाच्या खालच्या बाजूला मधोमध चिकटपट्टीने पक्की बसवा. तिची वायर शील्ड असलेली घ्या, नाहीतर ५० हर्ट्‌झची घुरघुर शिरते. पाटाखाली सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घाला, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकचे आणि शेजारच्या कारखान्याचे हादरे चकतीपर्यंत पोचत नाहीत. चकती साउंड कार्डच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटला जोडा. साध्या माइक इनपुटवर तिचा आवाज पातळ येतो आणि ठोक्याची सुरुवात शोधणं अवघड जातं.

टिक मोबाइलवरून वाजवा. हेडफोनच्या पिनला दुहेरी स्प्लिटर लावा: एक टोक कान झाकणाऱ्या वायरच्या हेडफोनला, दुसरं साउंड कार्डच्या दुसऱ्या इनपुटला. दोन इनपुट खरोखर स्वतंत्र आहेत ना, हे आधी बघून घ्या. स्वस्त यूएसबी कार्डांत बहुतेक वेळा एकच मोनो माइक इनपुट असतं.

माणसं बोलावण्याआधी जोडणी तपासा. हेडफोनचा एक कप थेट चकतीवर दाबून धरा आणि ५० टिका रेकॉर्ड करा. दोन्ही चॅनेलवरच्या सुरुवातींत एका मिलिसेकंदाहून जास्त फरक दिसला तर जोडणीत चूक आहे, पुढे जाऊ नका.

टिक कशी बनवायची

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४१०० सॅम्पल दराने ५०० हर्ट्‌झचा २० मिलिसेकंदांचा सूर तयार करा, त्याची दोन्ही टोकं थोडी मऊ करा, पुढे ५८० मिलिसेकंद शांतता जोडा आणि हा तुकडा ४० वेळा येईल असा रिपीट करा. हा झाला ६०० मिलिसेकंदांचा, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांचा वेग. याच रीतीने ४०० आणि १००० मिलिसेकंदांच्याही फाइल बनवा.

सूर ५०० हर्ट्‌झचाच का? मोठ्या आवाजात वर्षं काढली की ऐकण्याची झीज आधी ४००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते. तिखट, उंच टिक वापरली तर यंत्रमाग कामगाराचा लयीतला फरक मोजता मोजता आपण त्याच्या कानाचं नुकसान मोजत बसू. त्याला पाळी संपल्या संपल्या बसवू नका. आवाजातून बाहेर आल्यावर ऐकणं काही तास मंद राहतं. सुट्टीचा दिवस किंवा पाळीच्या आधीची वेळ बरी. प्रयोगाआधी साधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेता आली तर उत्तम, आणि त्यात दोष निघाला तर त्या माणसाला ते स्पष्ट सांगून कानाच्या डॉक्टरांकडे पाठवणं हे तुमचं काम आहे.

सूचना

आख्खा प्रयोग एका शब्दावर बिघडू शकतो. ‘टिक वाजली की बोट टेकवा’ असं सांगितलं तर माणूस टिक ऐकून मग बोट टेकवतो. तुम्ही मोजता तो प्रतिक्रियेचा वेळ, लय नव्हे. सांगायचं ते असं: ‘काका, टिक-टिक चालू राहील. तिच्याबरोबरच बोट पडू द्या. टिक थांबली तरी तुम्ही थांबू नका, त्याच चालीने टेकवत राहा.’ सोलापुरात निम्म्या सूचना तेलुगू आणि कन्नडमध्ये द्याव्या लागतील. उर्दूचीही तयारी ठेवा. भाषांतर करून झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून ते परत मराठीत आणून बघा. ‘बरोबरच’चं ‘नंतर’ झालंय का, हे तिथे कळतं. संमतीपत्रही ज्याच्या त्याच्या भाषेत हवं. विद्यापीठाचा वा दवाखान्याचा अभ्यास असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आचारसमितीची परवानगी आधी घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

फेऱ्या

टिक थांबल्यावरही ठोके चालू ठेवायला लावण्याची ही रीत १८८६ मध्ये स्टीव्हन्स या संशोधकाने वापरली आणि अजून तीच चालते. एका फेरीत ४० टिका आणि नंतर शांततेत ३० ठोके. तीन वेग, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, क्रम प्रत्येकासाठी वेगळा. निव्वळ वेळ सात मिनिटं होते, पण सराव आणि विसावा धरून माणशी अर्धा तास ठेवा. शेवटी १५ सेकंद जमेल तितक्या वेगाने बोट आपटायला सांगा. ही फेरी गाळू नका. मागावर तुटलेले धागे जोडणाऱ्या हाताची चपळाई आणि लयीची जाण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या काढायचा दुसरा सोपा मार्ग नाही.

गट निवडताना वय जुळवा आणि प्रत्येक गटात वीसेक माणसं तरी घ्या. कामगाराच्या मागाचं रेकॉर्डिंग करून एका मिनिटात किती ठोके पडतात तेही मोजून ठेवा. त्याच्या रोजच्या कानावरचा वेग तुमच्या तीनपैकी एखाद्याच्या जवळ असेल, तर त्या वेगावर तो जास्त स्थिर राहतो का, हा या शहराचा स्वतःचा प्रश्न आहे आणि विचारण्यासारखा आहे. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मात्र रेकॉर्डिंग ठेवू नका. लाउडस्पीकरचा आवाज बंद खिडकीतूनही आत येतो.

हिशेब

ऑडॅसिटीच्या ‘लेबल साउंड्स’ने दोन्ही चॅनेलवरच्या सुरुवातींच्या वेळा काढा आणि मजकूर फाइल स्प्रेडशीटमध्ये घ्या. प्रत्येक फेरीतले पहिले पाच ठोके सोडून द्या. एका ठोक्यानंतर १५० मिलिसेकंदांच्या आत दुसरा दिसला तर ते बोटाचं उसळणं आहे, पुसून टाका. ६०० च्या वेगात ठोका चुकून १२०० चं अंतर आलं तर ते वगळा, दोनाने भागू नका.

टिका चालू असतानाच्या भागात ‘ठोक्याची वेळ वजा टिकेची वेळ’ काढा. सरासरी उणे आली म्हणजे बोट आधी पडतंय. शांततेतल्या ठोक्यांसाठी विंग आणि क्रिस्टोफरसन या संशोधकांचं १९७३ चं गणित वापरा. त्यात चुकीचे दोन भाग मानले आहेत: आतल्या घड्याळाची आणि हाताची. हाताला एकदा उशीर झाला की एक अंतर लांबतं आणि पुढचं तितकंच आखूड होतं. म्हणून शेजारच्या अंतरांचा सहप्रचरण (दोन अंतरं एकत्र कशी बदलतात त्याचं माप, कोव्हेरियन्स) उणे येतो. त्याचं चिन्ह बदललं की हाताचं प्रचरण (विखुरलेपणाचं माप, व्हेरियन्स) मिळतं, आणि एकूण प्रचरणातून त्याची दुप्पट वजा केली की घड्याळाचं. समजा एकूण प्रचरण ६२५ आणि सहप्रचरण उणे १०० आला. हाताचं १००, त्याचं वर्गमूळ काढलं की १० मिलिसेकंदांची चूक. घड्याळाचं ४२५, म्हणजे जवळपास २१ मिलिसेकंदांची. कधी सहप्रचरण अधिक येतो आणि हाताचं प्रचरण उणे निघतं, जे अशक्य आहे. कारण बहुधा हेच की माणूस हळूहळू लय चढवत गेला. आधी अंतरांतला सरळ रेषेतला कल काढून टाका, मग परत गणित करा.

तालाकडे

टिकांचे आकडे विश्वासाचे वाटू लागले की ठेका घ्या. तीनतालात ६०० मिलिसेकंदांची मात्रा धरली तर आवर्तन ९.६ सेकंदांचं होतं. पण अडचण अशी, की ‘ना’ जिथे सुरू होतो तिथेच कानाला ठोका वाटतो, तर बायाच्या घुमाऱ्याचा ‘धा’ किंचित मागे सरकल्यासारखा वाटू शकतो. म्हणून बोलागणिक आकडे वेगळे ठेवा. खरं वादन वापरलं तर लय हलतेच, त्यामुळे प्रत्येक मात्रेची सुरुवात प्रत्यक्ष खुणेने नोंदवा. रूपक मुद्दाम घ्या. त्याची सम ‘खाली’च्या (टाळी न देता दाखवायच्या) मात्रेवर पडते, आणि तबला न शिकलेला श्रोता ती सम कुठे धरतो हे बोटावरून दिसतं. या टप्प्यावर तबल्याचे गुरुजी संशोधनात सहभागी असायला हवेत, नुसते वाजवून देणारे म्हणून नव्हे.

बोटावरून मेंदूचा कुठला भाग काम करतो ते कळत नाही. ठोका जाणवताना हालचालींशी संबंधित असलेले मेंदूचे दोन भाग, बेसल गँग्लियातला प्युटामेन आणि सप्लिमेंटरी मोटर एरिया, जास्त सक्रिय होतात, हे ग्रान आणि ब्रेट या संशोधकांनी २००७ मध्ये स्कॅनरमध्ये दाखवलं. तुमच्या निष्कर्षात ते तुमचं म्हणून लिहू नका. ईईजी (डोक्यावर तारा लावून मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारं यंत्र) मिळालाच, तर संशोधक नोझारदान आणि सहकाऱ्यांची २०११ ची रीत बघा: २.४ हर्ट्‌झच्या ठोक्यावर मनात दोन-दोनचे गट धरले की मेंदूच्या लहरींत १.२ हर्ट्‌झला शिखर दिसतं, तीन-तीनचे धरले की ०.८ ला. एवढ्या मंद लहरी घामाने बिघडतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये डोक्याच्या त्वचेला घाम आला की रेषा वर-खाली वाहू लागते, आणि वर पंखा फिरत असेल तर वायरी हलतात. खोली आधी अर्धा तास गार करून ठेवा, वायरी मानेमागे एकत्र बांधा, आणि शक्य असेल तर हे काम डिसेंबरसाठी राखा.