कोरडवाहू शेतीसाठी वाण निवडताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत नोकरी करून माण, खटाव, सांगोला किंवा जत येथील वडिलोपार्जित जमीन सांभाळणारे लोक दर हंगामात मला एकच प्रश्न विचारतात, की उन्हात टिकणारे बियाणे कोणते? पीक कोणत्या पंधरवड्यात फुलोऱ्यात येणार, हे ठरविल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही, आणि नेमके तेच कोणी ठरवत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पाण्याचा ताण आणि उष्णता एकच समजणे. ताण सहन करणारे वाण खोल मुळांमुळे किंवा लवकर पक्व होत असल्याने तरून जाते. कडक उन्हात मात्र जमिनीत ओल असूनही पराग निकामी होतात. कोपरखैरण्यातील एका माथाडी कामगाराला बाजारातील कामामुळे हरभरा पेरायला डिसेंबरचा मध्य उजाडला. दुकानदाराने ‘कमी पाण्याचे’ म्हणून दिलेले वाण त्यांनी विश्वासाने पेरले, वर तुषार संचाने पाणीही दिले. फेब्रुवारीत फुले आली आणि दुपारचे तापमान ३५ अंशांपुढे जाताच गळू लागली. मग कोणीतरी सुचविलेल्या टॉनिकच्या फवारण्या झाल्या. मार्चमध्ये झाडे हिरवीगार होती, घाटे तुरळक. फवारणीने मेलेला पराग जिवंत होत नाही, हे ऐकण्याची घाईतल्या माणसाची तयारी नसते.

मी पेरणीच्या तारखेपासून फुलोऱ्यापर्यंतचे दिवस मोजतो, मगच वाणाचे नाव काढतो. जिरायत हरभरा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरावा. ती वेळ हुकल्यास आणि पाण्याची सोय असल्यास उष्णता सहन करणाऱ्या ‘जेजी १४’सारख्या, उशिरा पेरणीसाठी तपासलेल्या वाणाचा विचार करावा. डिसेंबर सरल्यावर मात्र रान मोकळे राहिलेले परवडते.

दुसरी चूक जमिनीची खोली न पाहण्याची. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर वाढते, म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’, मध्यम जमिनीसाठी ‘फुले सुचित्रा’ आणि भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’ अशी वेगवेगळी वाणे दिली आहेत. तरीही भाकरी चांगली होते म्हणून वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या रानातही ‘मालदांडी ३५-१’ पेरली जाते. शेतात दोन-तीन ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डा घेणे हे तासाभराचे काम आहे. ते टाळून लोकलमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर बियाणे मागविणाऱ्यांचे मला नवल वाटते.

ठाण्यात पाऊस कोसळतो म्हणून गावीही वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला असेल, असे धरून पेरणीचा निरोप धाडू नये. संकरित बाजरीचे घरचे बी पुन्हा पेरू नये. बी राखायचेच असेल तर ‘धनशक्ती’सारखे सुधारित सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण घ्यावे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळा टॅग असतो, तो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. टॅग असला तरी पेरणीच्या दहा दिवस आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. हरभऱ्याचे किमान ८५ किंवा ज्वारी-बाजरीचे किमान ७५ दाणे उगवले नाहीत, तर पावतीसह पिशवी दुकानात परत न्यावी.