तासांची वही आधी, क्लिनिक नंतर

उन्हाळा लागला की मंडळाच्या सहलीत दोन-तीन आई-बाबा मला बाजूला घेतात. "ताई, मुलीला पीटी करायचंय. तुमच्याकडे थोडे दिवस बसवाल का?" मी न्यू जर्सीत फिजिकल थेरपिस्ट (पीटी, म्हणजे आपल्याकडची फिजिओ) आहे, बसवते. बसायला जागा कुठे ना कुठे मिळतेच. खरी धांदल उडते ती वर्षभराने, पीटीच्या शाळेचा (म्हणजे कॉलेजचा) अर्ज भरताना. पीटीचं काम बघण्यात तास किती झाले यासोबत ते कोणत्या ठिकाणी, कुणाच्या देखरेखीखाली आणि कुणाच्या सहीने झाले हेही तिथे लिहायचं असतं, आणि ते मागाहून जुळवताना नाकी नऊ येतात. म्हणून ही तयारीची यादी. मराठी वाचणार तुम्ही आणि तास भरणार मुलं, तेव्हा रात्री जेवताना वाचून दाखवा.

आपल्याकडची पद्धत डोक्यात असेल तर हे सगळंच नवं वाटेल. महाराष्ट्रात बी.पी.टीएच.ला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, आज नीटचे मार्क आणि सीईटी सेलची यादी बघतात. प्रवेशाआधी दवाखान्यात बसून काही पाहिलंय का, असं कुणी विचारत नाही. पेशंट भेटतो तो कॉलेजात गेल्यावर आणि शेवटी इंटर्नशिपमध्ये. इथे आधी पदवी, मग बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचं डीपीटी, म्हणजे फिजिकल थेरपीची डॉक्टरेट. त्याच्या दारातच बऱ्याच शाळा विचारतात, की बाई, हे काम जवळून पाहिलंस का? मला ही पद्धत आवडते. आमच्या वर्गात तिसऱ्या वर्षी "हे मला नकोच होतं" म्हणणाऱ्या दोघी होत्या.

सुरुवात क्लिनिकला फोन करून करू नका. आधी शाळांची यादी करा. बहुतेक शाळांचे अर्ज पीटीकॅस या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून जातात, पण तासांचा नियम ज्या त्या शाळेचा. कुणाला तास लागतच नाहीत, कुणी फक्त "असले तर बरं" म्हणतं, कुणी चाळीस मागतं तर कुणी शंभर. काहींना इनपेशंट (हॉस्पिटलात दाखल असलेले) आणि आउटपेशंट (येऊन-जाऊन उपचार घेणारे) दोन्ही हवं असतं. काही शाळा फार जुने तास धरत नाहीत. क्लिनिकमध्ये पगारी एड (मदतनीस) म्हणून केलेलं काम धरायचं की नाही, यातही एकवाक्यता नाही. एका कागदावर शाळांची नावं उभी आणि हे प्रश्न आडवे लिहा, आणि सगळ्यांत कडक शाळेचं माप घेऊन चाला. उन्हाळ्यात पुण्याला मावशीच्या क्लिनिकमध्ये बसायचा बेत असेल तर तिकीट काढण्याआधी प्रत्येक शाळेला ईमेलने विचारा. कित्येक शाळांना अमेरिकेत लायसन्स असलेल्याच पीटीचे तास चालतात. आणि पीटी म्हणजे पीटीच. पीटी असिस्टंट, कायरोप्रॅक्टर किंवा अॅथलेटिक ट्रेनर यांच्याबरोबर घालवलेली दुपार कितीही छान गेली तरी या खात्यात सहसा जमा होत नाही. लायसन्स चालू आहे का, हे राज्याच्या बोर्डाच्या वेबसाइटवर नाव टाकलं की दिसतं. तेवढं बघून घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही.

मग फोन. तो मुलांनी करायचा. आईचा फोन आला की आमच्या फ्रंट डेस्कवरची बाई माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवते. हॉस्पिटलला आधी विचारा, कारण तिथे व्हॉलंटियर ऑफिस, फॉर्म, ट्रेनिंग, ओळखपत्र यात आठवडेच्या आठवडे जातात. आउटपेशंट क्लिनिक त्या मानाने लवकर हो म्हणतं.

कागदांत आपल्या मुलांची गाडी अडते ती टीबीच्या चाचणीपाशी. बहुतेक हॉस्पिटलं ती मागतात. मूल भारतात जन्मलेलं असेल तर दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लशीचा, वण बहुधा असतो. कातडीवरच्या चाचणीत हातावर एक सुई टोचतात आणि ४८ ते ७२ तासांत परत बोलावून सूज मोजतात. बीसीजी झालेली असेल तर टीबी नसतानाही तिथे सूज येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि पुढच्या फेऱ्या मागे लागतात. रक्ताच्या चाचणीवर, म्हणजे क्वांटिफेरॉनसारख्या, बीसीजीचा परिणाम होत नाही. डॉक्टरांना वणाचं आधीच सांगा आणि ती चाचणी करता येईल का विचारा. लसीकरणाचं जुनं पिवळं पडलेलं कार्ड सापडत नसेल तर गोवर, कांजिण्या यांच्यासाठी रक्तातलं टायटर (प्रतिपिंडांचं प्रमाण) काढून काम भागतं. फ्लूच्या लशीचा कागदही जवळ असू द्या. कपड्यांचं फार काही नाही: साधी पँट, पोलो शर्ट, बंद बूट. जीन्स नको. आणि अत्तर तर नकोच नको, मळमळणारा पेशंट शेजारीच पडलेला असतो.

आता वही. एक नाही, दोन.

पहिली तासांची. तिच्यात पेशंटबद्दल एक अक्षर नको. एक ओळ अशी: १२ जून, दुपारी १ ते ५:३०, मध्ये अर्धा तास जेवण, एकूण ४ तास, आउटपेशंट, पीटीचं नाव, पीटीची सही. जेवणाचा अर्धा तास वजा करायचा म्हणजे करायचा. पेशंट आला नाही आणि मूल तासभर फोन बघत बसलं, तर तो तास धरायचा का? मी धरत नाही. काही सहकारी धरतात. पण साडेतीनचे चार करणं कुणीच चालवून घेत नाही. वहीच्या पहिल्या पानावर क्लिनिकचा पूर्ण पत्ता, पीटीचं नाव लायसन्सवर असतं तसं, आणि लायसन्स नंबर. सही दर आठवड्याला, शुक्रवारी निघताना. त्याच संध्याकाळी पानाचा फोटो.

दुसरी वही निरीक्षणाची, आणि तिच्यात तारीख नको. यामागे हिपा हा पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेचा १९९६ चा कायदा आहे. त्याच्या नियमांत पेशंटची ओळख पटवणाऱ्या अठरा गोष्टी मोजल्या आहेत. नाव, फोन, फोटो हे कुणालाही सुचेल, पण पेशंटवर उपचार झाल्याची तारीखही त्यात येते हे मुलांना माहीत नसतं. म्हणून तारखा एका वहीत आणि माणसं दुसरीत. तीही अशी की वाचून कुणी म्हणू नये, "अरे, या तर आपल्या गल्लीतल्या." नमुना देते: "साठीच्या बाई, उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे. आडवं झोपून टाच ओढत गुडघा वाकवायचा व्यायाम. मोजपट्टीवर ७८ अंश आले होते, शेवटी ८६. बाईंनी दात आवळले होते. पीटी आकडा लगेच बोलली नाही, आधी विचारलं की घरात जिने किती आहेत." ही शेवटची ओळ सोन्याची. अर्जातल्या निबंधाला आणि मुलाखतीला हेच कामी येतं. "मला लोकांना मदत करायला आवडतं" हे वाक्य मी आजवर इतक्यांदा वाचलंय की आता डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात.

सहीचा एवढा आग्रह का, तेही सांगते. मी पूर्वी एका क्लिनिकमध्ये होते, तिथे एक मुलगा एका उन्हाळ्यात माझ्याकडे बसला. गुणी होता, पट्ट्या घड्या करून ठेवायचा. चौदा महिन्यांनी त्याचा ईमेल आला, साठ तासांच्या फॉर्मवर सही हवी. तोवर मी नोकरी बदललेली, आणि जुन्या क्लिनिकने येणाऱ्या-जाणाऱ्यांची पानं टाकून दिलेली. त्याच्याकडे फोनच्या कॅलेंडरात "पीटी" एवढाच शब्द, तोही न आलेल्या दिवसांवरसुद्धा. रात्री त्याच्या आईचा फोन. "अहो ताई, अंदाजे लिहा ना. माझा मुलगा खोटं नाही बोलत." नाही बोलत, मला ठाऊक होतं. पण खाली माझा लायसन्स नंबर होता. जुने ईमेल उपसले, त्यांत मी त्याला दिलेल्या वेळा सापडल्या: पाच दिवस, वीस तास. तेवढ्यावर सही केली. उरलेल्या तासांसाठी तो डिसेंबरच्या थंडीत दुसरीकडे जाऊन बसला. त्याच्या आई अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

पीटीकॅसचा अर्ज साधारण जूनच्या मध्याला उघडतो. तिथे प्रत्येक ठिकाणाची नोंद वेगळी करायची असते: जागा, पीटीचं नाव आणि संपर्क, कोणत्या प्रकारचं केंद्र, किती तास झाले, किती व्हायचेत. एकाच हॉस्पिटलात वॉर्डात आणि आउटपेशंटमध्ये दोन्हीकडे बसलं असेल तर वहीत पहिल्यापासून वेगळी बेरीज ठेवा, नाहीतर शेवटी ऐंशी तासांची फोड आठवणीवर करावी लागते. काही शाळांना सही केलेला कागद लागतो, काहींना नुसता आकडा पुरतो. सही मात्र सगळ्यांसाठी घेऊन ठेवा, कारण यादीत एखादी शाळा मागाहून शिरतेच. अजून व्हायचे तास झाले म्हणून लिहू नका. अर्ज पाठवल्यावर जुन्या ओळीत खाडाखोड करता येत नाही.

शिफारसपत्रांतलं एखादं पीटीचं असावं असं पुष्कळ शाळा म्हणतात. ते शेवटच्या आठवड्यात तोंडी मागा, चेहरा लक्षात आहे तोवर. सोबत निरीक्षणाच्या वहीतली दोन पानं द्या, म्हणजे पत्र लिहिताना "मेहनती आणि वक्तशीर" यापलीकडे मला काही सुचेल. पीटीचा क्लिनिकचा ईमेल घ्याच, पण चालत असेल तर घरचाही मागा. नोकरी बदलली की पहिला बंद होतो. निघताना पीटीला आभाराचं कार्ड, आणि पेढ्यांचा डबा फ्रंट डेस्कवरच्या बाईला. वर्षभराने फोन तीच उचलणार आहे.