ओला जवळा स्वस्त झाला की

वर्सोव्याच्या किंवा ससून डॉकच्या बाजारात एखाद्या सकाळी ओल्या जवळ्याचे ढीगच्या ढीग दिसतात आणि कोळीण एका वाट्याच्या पैशांत दोन वाटे पिशवीत टाकते, तेव्हा मोहाने जास्त घेऊ नये, कारण हा जवळा काही तासांतच मऊ पडून वास मारू लागतो.

घरी आल्याबरोबर तो ताटात पसरून काड्या, शिंपल्यांचे तुकडे आणि त्यात हमखास सापडणारी इवलीशी मासळी वेचून काढावी. हे काम कंटाळवाणे असले तरी एक काडीही दाताखाली आली की सगळी चव जाते. मग बारीक जाळीच्या चाळणीत तीन पाण्यांनी धुऊन घट्ट पिळावा.

पाव किलो जवळ्याला दोन मोठे कांदे तेलात ठेचलेल्या लसणीवर गुलाबी परतून हिरवी मिरची, हळद, तीन-चार आमसुले आणि जवळा घालावा. पाणी मुळीच घालू नये, कारण जवळ्याला स्वतःचेच पाणी सुटते व ते सात-आठ मिनिटांत आटते. मीठ शेवटी, चाखूनच घालावे. वर कोथिंबीर, सोबत तांदळाची भाकरी. उरलेल्या कच्च्या जवळ्यात बेसन कालवून संध्याकाळी भजी तळावीत. मला तर तीच अधिक आवडतात.